लोगोआधी नाव एक करा

वाचकाचं पत्र

मी घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीचं काम करते. वॉशिंग मशीन, फ्रिज, मायक्रोवेव्ह. आठ वर्षं झाली. सुरुवातीला एकटीच होते, आता हाताखाली दोन मुलं आहेत. जाहिरात अशी कधी केली नाही. एकाने दुसऱ्याला सांगितलं आणि काम येत गेलं. लोकांच्या फोनमध्ये माझा नंबर 'वॉशिंग मशीनवाल्या ताई' असाच असतो. गेल्या वर्षी आमच्या भागात एक नवी कंपनी आली. त्यांच्या माणसांना एकसारखे टी-शर्ट, गाडीवर मोठा लोगो. माझी काही जुनी गिऱ्हाइकं तिकडे गेली. भाचा म्हणतो, मावशी, तुझं ब्रँडिंगच नाही. त्याने एका एजन्सीशी गाठ घालून दिली. लोगो, टॅगलाइन, रंगसंगती, कार्ड, सोशल मीडियाची डिझाइन्स आणि हे सगळं कसं वापरायचं ते सांगणारं ब्रँड बुक, याचे ते माझ्या जवळजवळ तीन महिन्यांच्या कमाईएवढे पैसे मागतात. हप्त्यांनी द्या म्हणतात. खरंच याची गरज आहे का? की हा मोठ्यांचा खेळ आहे? माझ्या बिलबुकावर आणि कार्डावर दोन वेगळी नावं आहेत, तेही निस्तरायचंय. त्यातलं कोणतं ठेवू?

उत्तर

ताई, तीन महिन्यांची कमाई या पॅकेजमध्ये घालू नका. हप्त्यांनीही नको. हे आधीच सांगून टाकते, कारण एजन्सीवाल्यांचे फोन येत असतील आणि भाच्याला नाही कसं म्हणायचं हा पेचही असेल. पण म्हणून ओळख जपणं ही मोठ्या कंपन्यांचीच गोष्ट आहे असंही समजू नका. ती तुम्हालाही लागते, आणि तुमच्याकडे ती नेमकी कुठे उसवली आहे ते तुम्ही स्वतःच पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलं आहे: बिलावर एक नाव, कार्डावर दुसरं. त्यात गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये तिसरं. कितीही देखणा लोगो केला तरी तो यातल्या कोणत्या नावाचा?

असं समजा, की दोन वर्षांपूर्वी तुम्ही एका घरी वॉशिंग मशीन दुरुस्त केलं. काम चोख झालं, बाई खूश. आज त्यांच्या शेजाऱ्यांचा फ्रिज थंड होईना. बाईंनी तुमचा नंबर पुढे पाठवला. शेजाऱ्यांच्या फोनवर काय आलं? 'वॉशिंग मशीनवाल्या ताई'. शेजारी म्हणतात, पण आमचा तर फ्रिज आहे. बाई म्हणतात, अहो, त्या फ्रिजही करतात बहुतेक. त्या 'बहुतेक'पाशीच काम निसटायला लागतं. समजा शेजारी चिकाटीचे निघाले. त्यांनी बाईंकडून जुनं बिल मागून घेतलं आणि त्यावरचं नाव इंटरनेटच्या नकाशात शोधलं. काही सापडलं नाही, कारण नोंद असलीच तर ती कार्डावरच्या नावाने असणार. मग त्यांनी नुसतं 'फ्रिज दुरुस्ती' टाकलं आणि वर जी कंपनी दिसली तिला फोन लावला. तुमच्या कामात खोट नव्हती. शिफारसही झाली होती. तरी काम दुसऱ्याच्या दारात गेलं. तुमच्या आकाराच्या धंद्यात ब्रँडिंगचा पहिला खर्च इथे व्हायला हवा, आणि तो फारसा नाही.

तेव्हा आधी नाव. तुम्ही दोन्ही नावं पत्रात लिहिलेली नाहीत, पण निवडायचं कसं ते सांगते. तुम्हाला न ओळखणाऱ्या कुणाला तरी फोनवर एकेक नाव एकदाच सांगा आणि लिहून घ्यायला सांगा. 'काय म्हणालात?' असं परत विचारावं लागलं तर ते नाव मागे टाका. एकाच उपकरणापुरतं असलेलं नाव नको. त्यात एखाद्या उपकरण बनवणाऱ्या कंपनीचं नाव आलं असेल तर ते लगेच सोडा, मग ते कितीही जुनं असो. त्यानंतर उरलेलं नाव आणखी कुणी वापरतंय का ते बघा: इंटरनेटवर, नकाशात, आणि आपल्या देशाच्या व्यापारचिन्ह (ट्रेडमार्क) नोंदणी कार्यालयाच्या यादीत. ही यादी बहुतेक ठिकाणी ऑनलाइन आणि फुकट बघता येते. शोधताना एक आकडा लक्षात ठेवा. जगातले बहुतेक देश व्यापारचिन्हांसाठी 'नीस वर्गीकरण' वापरतात. त्यात 45 वर्ग आहेत, पहिले 34 वस्तूंचे आणि पुढचे 11 सेवांचे. दुरुस्तीची कामं 37व्या वर्गात येतात. त्या वर्गात तुमच्यासारखंच किंवा ऐकायला जवळचं नाव आधीच कुणी नोंदवलेलं दिसलं, तर ते आत्ताच टाळा. आज बदललं तर एक बिलबुक आणि उरलेली कार्डं वाया जातील. पाच वर्षांनी वकिलाची नोटीस आल्यावर बदलावं लागलं तर लोकांच्या तोंडी बसलेलं नाव वाया जाईल, आणि ते पुन्हा छापून मिळत नाही.

नोंदणी लगेच करायलाच हवी का? तुम्ही एकाच भागात काम करता, तोवर थांबलात तरी चालेल. दुसरी शाखा काढायची किंवा तुमच्या नावाने दुसऱ्या कुणाला काम करू द्यायचं असं ठरलं की मात्र आधी नोंदणी, मग बाकीचं. तीही आधी नावाच्या अक्षरांची करा, चित्राची नंतर. नाव शब्द म्हणून नोंदवलं की ते कोणत्या वळणात लिहिलंय यावर सहसा काही अडत नाही. चित्र नोंदवलं आणि उद्या ते बदललं तर प्रश्न पुन्हा उभा राहतो. एवढं ध्यानात असू द्या, की 'फ्रिज दुरुस्ती केंद्र' अशा निव्वळ वर्णन करणाऱ्या नावावर एकट्याचा हक्क मिळणं फार अवघड असतं. तो शब्द त्या धंद्यातल्या सगळ्यांनाच लागतो. म्हणूनच काही कंपन्या कुठलाच अर्थ नसलेला शब्द नव्याने घडवतात. जॉर्ज ईस्टमनने 1888 मध्ये आपल्या कॅमेऱ्यांसाठी नोंदवलेलं 'कोडॅक' हे असंच बनवलेलं नाव. अशा नावावर हक्क पक्का राहतो, पण ते लोकांच्या डोक्यात बसवायला जाहिरातीचा पैसा लागतो. तुम्ही मधला रस्ता धरा. नाव थोडं वेगळं, आणि त्याखाली दर वेळी, न चुकता एक ओळ: 'वॉशिंग मशीन, फ्रिज, मायक्रोवेव्ह दुरुस्ती'. हीच तुमची टॅगलाइन. 'विश्वास जपणारी माणसं' अशा छापाची ओळ कुणी सुचवली तर घेऊ नका. ती वाचून आपला फ्रिज तुमच्याकडे द्यायचा की नाही, हे कुणालाच कळत नाही.

आणि लोकांनी दिलेलं नाव? ते टाकून देऊ नका. 'वॉशिंग मशीनवाल्या ताई' यात किती आपुलकी आहे बघा. पैसे मोजून असं नाव मिळत नाही. पण धंद्याचं नाव म्हणून ते पुरं पडणार नाही. त्यात फ्रिज नाही, मायक्रोवेव्ह नाही, आणि दार उघडल्यावर समोर ताईच्या जागी वीस-बावीस वर्षांचा अनोळखी मुलगा उभा असतो. म्हणून व्हॉट्सॲपवर फोटो तुमचा स्वतःचाच ठेवा, कामाच्या कपड्यांतला, चेहरा स्पष्ट दिसेल असा. नाव मात्र धंद्याचं लिहा आणि पुढे कंसात स्वतःचं. जुनं गिऱ्हाईक चेहरा ओळखेल, नवं नाव वाचेल.

त्या अनोळखी मुलाविषयी मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण माझ्या मते तुमची गिऱ्हाइकं का गेली याचं उत्तर तिथे असू शकेल. आठ वर्षांपूर्वी तुम्ही एकट्या होतात तेव्हा तुमचा चेहरा हीच ओळख होती, आणि ती पुरेशी होती. आता निम्मी कामं मुलं करत असतील. घरी एकटी बाई असते, किंवा म्हातारं जोडपं असतं. दारावर साध्या कपड्यांतला कुणीतरी येतो आणि 'मशीन बघायला आलोय' म्हणतो. नव्या कंपनीचा माणूस आला की टी-शर्टावरचं नाव फोनवर आलेल्या निरोपाशी जुळतं, आणि दार निर्धास्तपणे उघडलं जातं. त्या टी-शर्टावरचा लोगो सुंदर आहे की ओबडधोबड, याच्याशी त्या बाईंना काही देणंघेणं नसतं. आत्ता आपल्या घरात येणारा माणूस तोच आहे का, एवढंच त्यांना कळायला हवं असतं.

हे तुम्हाला आठवड्याभरात करता येईल. दोघा मुलांना एकाच गडद रंगाचे दोन-दोन टी-शर्ट द्या, छातीवर धंद्याचं नाव. गडद अशासाठी, की ग्रीस आणि धूळ त्यावर कमी दिसते. गळ्यात फोटो असलेलं ओळखपत्र. आणि निघण्याआधी गिऱ्हाइकाला एक निरोप: आज 4 ते 6 च्या दरम्यान अमुक नावाचा आमचा माणूस येईल, हा त्याचा फोटो. उशीर होणार असेल तर वेळ टळण्याआधी दुसरा निरोप. दुरुस्तीच्या धंद्यात लोकांचा सगळ्यात जास्त राग वाट बघण्यावर असतो. सुट्टी घेऊन घरी थांबलेल्या माणसाला 'येतोच' या शब्दाची किती चीड असते ते तुम्हाला मी सांगायला नको.

तरीही हा माझा तर्क आहे. जी दोन-चार गिऱ्हाइकं गेली त्यांना सरळ फोन करा. गळ घालायची नाही, तक्रार करायची नाही. 'आमचं काही कमी पडलं का, सांगितलंत तर सुधारता येईल', एवढंच विचारा. कुणी म्हणेल तुमचा फोन लागला नाही, कुणी म्हणेल त्यांनी बदललेल्या पार्टची वॉरंटी लिहून दिली, कुणी म्हणेल तिकडे ऑनलाइन पैसे भरता आले. 'तुमच्याकडे लोगो नव्हता म्हणून गेलो' असं म्हणणारं कुणी भेटेल असं मला वाटत नाही. त्यांनी जे सांगितलं ते आधी दुरुस्त करा. एजन्सीचं ब्रँड बुक या गोष्टींना हातही लावत नाही.

आता तुमच्या धंद्यातली सगळ्यात चांगली जाहिरात, जी दुसऱ्या फार कमी धंद्यांच्या नशिबी असते. तुम्ही ज्या वस्तूवर काम करता ती वर्षानुवर्षं गिऱ्हाइकाच्या घरात राहते, आणि तुमची गरज पुन्हा लागते तेव्हा माणूस नेमका त्याच वस्तूसमोर उभा असतो. त्या वस्तूवर तुमचं नाव आणि नंबर हवा. दुरुस्ती झाली की मालकांना विचारून एक छोटा स्टिकर लावा. कागदी नको, ओल लागली की त्याच्या कडा सुटतात आणि मग कुणीतरी नखाने खरवडून काढतं. विनाइलचा, म्हणजे प्लास्टिकचा घ्या. वॉशिंग मशीनला बाजूच्या पत्र्यावर वरच्या कोपऱ्यात, फ्रिजला दार उघडल्यावर दिसेल अशा कडेवर. मायक्रोवेव्हला मागे लावू नका, तो भिंतीला टेकलेला असतो. कंपनीची मॉडेल नंबर आणि सीरियल नंबरची पट्टी झाकू नका, पुढच्या दुरुस्तीला ती तुम्हालाच लागणार. हवेच्या जाळीवर तर मुळीच नको.

स्टिकरवर फोन नंबर सगळ्यात मोठा, नावापेक्षाही मोठा. डिझायनर कुरकुर करील, करू द्या. मशीनमधून पाणी गळत असताना चष्मा शोधायला कुणाला वेळ नसतो. नंबरखाली नाव, त्याखाली ती तीन उपकरणांची ओळ, आणि तळाला रिकामी जागा: तारीख आणि काय बदललं ते लिहायला. ही जागा मॅट ठेवायला सांगा, चकचकीत थरावर शाई नीट धरत नाही. मुलांच्या पिशवीत परमनंट मार्कर कायम असू द्या. 'ड्रेन पंप बदलला' आणि खाली तारीख, एवढं मशीनवरच लिहिलेलं असलं की पुढच्या वेळी तुम्हालाही निदान करणं सोपं जातं, आणि घरच्यांना दिसतं की इथे कुणीतरी नोंद ठेवून काम करतं. हे दिसणं मला कुठल्याही बोधचिन्हापेक्षा मोलाचं वाटतं.

बिलाचंही तसंच. तेच नाव, त्याच अक्षरांत, तोच नंबर, बदललेल्या पार्टचं नाव आणि त्याच्या वॉरंटीची मुदत. छोट्या मशीनवरचं थर्मल कागदाचं बिल देत असाल तर त्याचा फोटो व्हॉट्सॲपवरही पाठवा, कारण तो कागद उष्णतेने आणि उजेडाने फिका पडतो आणि वर्षभराने त्यावर काहीच वाचता येत नाही. नकाशातली नोंद त्याच नावाने करा. गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट असतं. काम संपल्यावर खूश असलेल्या गिऱ्हाइकाला तिथे दोन ओळी लिहायची विनंती करा. ओळखीच्यांकडून खोटे अभिप्राय मात्र लिहून घेऊ नका. वाचणाऱ्याला ते कळतात, आणि आठ वर्षं मेहनतीने मिळवलेला विश्वास त्यापायी जातो.

एवढं झालं की लोगोचा विचार करायला हरकत नाही. तो हवाच का? एखादं चिन्ह असण्यात गैर काही नाही, पण ते तुम्हाला काम आणून देईल ही अपेक्षा ठेवू नका. चिन्हाला अर्थ मागाहून येतो, त्यामागच्या कामातून. तुम्ही नायकीचा लोगो पाहिला असेल, ती तिरकी वळणदार खूण. ही कंपनी 1964 मध्ये ब्लू रिबन स्पोर्ट्स या नावाने सुरू झाली आणि सात वर्षं दुसऱ्यांनी बनवलेले बूट विकत होती. ती खूण 1971 मध्ये आली. कॅरोलिन डेव्हिडसन या डिझाइन शिकणाऱ्या विद्यार्थिनीने ती काढली, आणि तेव्हा तिला 35 डॉलर मिळाले. पुढे 1983 मध्ये कंपनीने तिला शेअर्स देऊन दाद दिली. या गोष्टीवरून डिझायनरला कमी पैसे द्यावेत असा अर्थ कुणी काढू नये; कामाचे पैसे नीट द्यावेत. पण पहिल्या दिवशी ती खूण नुसती एक रेघ होती, आणि आज तिच्यात जे दिसतं ते नंतरच्या पन्नास वर्षांतल्या बुटांनी, खेळाडूंनी आणि अफाट जाहिरातीने भरलेलं आहे. तुमच्याकडे ती जाहिरात नाही. तुमच्याकडे आठ वर्षांचं काम आहे, आणि ते नावाला चिकटलेलं आहे.

म्हणून तुम्हाला चित्राची गरज नाही. नावच नीट, एका ठरलेल्या वळणात लिहून घ्या, तोच लोगो. पाना आणि स्क्रू-ड्रायव्हरची फुली, नाहीतर घराच्या छपराखाली फ्रिज, असली चित्रं दुरुस्तीवाल्या निम्म्या लोकांकडे असतात. त्यातून तुम्ही वेगळ्या दिसायच्या ऐवजी त्यांच्यात मिसळून जाता. बारीक तपशिलाचं चित्र तर नकोच. ॲपलचा 1976 चा पहिला लोगो म्हणजे झाडाखाली बसलेला न्यूटन, भोवती चौकट, त्यावर अक्षरं. लहान आकारात त्याचा नुसता काळा ठिपका व्हायचा. दुसऱ्याच वर्षी रॉब जॅनॉफ यांनी काढलेलं, एक घास घेतलेलं सफरचंद आलं. तुमच्याकडे नमुना आला की तो व्हॉट्सॲपच्या गोल फोटोएवढा करून हातभर अंतरावरून बघा. मग काळ्या-पांढऱ्यात झेरॉक्स काढा. रबरी शिक्क्यावर, बिलावर, टी-शर्टाच्या एकरंगी छपाईत तो असाच दिसणार आहे. नाव वाचता आलं तर ठीक. लाल अक्षरं हिरव्या पार्श्वभूमीवर नकोत. बऱ्याच पुरुषांना या दोन रंगांतला फरक नीट दिसत नाही. देवनागरीत नाव असेल तर जोडाक्षरं, रफार आणि वेलांट्या छापून आल्यावर एकदा स्वतः तपासा. डिझायनरच्या संगणकावर सगळं बरोबर दिसतं आणि छापखान्यात तो फाँट नसला की जोडाक्षर फुटतं. अक्षरांचं रूपांतर बाह्यरेषांत करून फाइल दिली की हा घोळ होत नाही.

फाइलींवरून आठवलं. काम कुणाकडूनही करून घ्या, पण व्हेक्टर फाइल हातात घेतल्याशिवाय शेवटचे पैसे देऊ नका. एसव्हीजी किंवा पीडीएफ, जी कितीही मोठी केली तरी फाटत नाही. नुसती जेपीजी दिली तर गाडीवर छापताना अक्षरांच्या कडा दातेरी दिसतील. सोबत पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी फाइल आणि रंगांचे आकडे लिहून घ्या, पडद्यासाठीचे वेगळे आणि छपाईसाठीचे वेगळे, कारण पडद्यावरचा झगझगीत निळा शाईत उतरत नाही. फाँट कोणता आणि त्याचा परवाना कसला, हेही विचारा. मोफत आणि खुल्या परवान्याचे चांगले देवनागरी फाँट आहेत. आणि एक कागद: या डिझाइनचे सगळे हक्क तुमच्याकडे दिले, असं सहीनिशी लिहिलेला. पैसे दिले म्हणजे हक्क आपोआप आपले झाले असं अनेक देशांत होत नाही. लेखी दिलं नसेल तर स्वामित्वहक्क डिझायनरकडेच राहू शकतो. तयार साच्यांतून लोगो बनवणाऱ्या वेबसाइटवरून घेणार असाल तर अटी वाचा. तीच आकृती उद्या दुसऱ्यालाही मिळू शकते, आणि मग ती एकट्याच्या नावावर नोंदवता येत नाही.

तुम्ही विचारलेलं नाही, तरी एक सांगायला हवं. दुरुस्तीवाल्यांच्या पाट्यांवर आणि कार्डांवर मोठमोठ्या उपकरण कंपन्यांचे लोगो ओळीने छापलेले असतात. तुमच्या कार्डावर असतील तर काढा. अमुक कंपनीची मशीन्स आम्ही दुरुस्त करतो, असं साध्या अक्षरांत खरं सांगणं वेगळं. त्यांचं बोधचिन्ह लावलं की तुम्ही त्यांचं अधिकृत केंद्र आहात असा समज होतो, आणि त्यावरून कायदेशीर कारवाई होऊ शकते. शिवाय कार्डाची निम्मी जागा तुम्ही दुसऱ्याच्या नावाला देता.

एकदा ठरवलं की ते बदलू नका. तुम्हाला स्वतःला ते रोज पाहून कंटाळा येईल, भाचा नवीन काहीतरी दाखवेल, तरी नाही. लोक वस्तू वाचून ओळखत नाहीत, सवयीने ओळखतात. ट्रॉपिकाना या रसाच्या कंपनीने 2009 च्या सुरुवातीला आपल्या खोक्यावरचं स्ट्रॉ खोचलेल्या संत्र्याचं जुनं चित्र काढून नवं, आधुनिक रूप दिलं. दुकानाच्या फळीवर लोकांना आपला नेहमीचा रस सापडेना. दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे 20 टक्क्यांनी घसरली आणि जुनं खोकं परत आणावं लागलं. आत रस तोच होता.

याच उदाहरणातून हेही दिसतं की चिन्ह आणि रूप यांवर खरा खर्च कुणी करावा. ज्यांची वस्तू दहा दुसऱ्या वस्तूंच्या शेजारी फळीवर मांडली जाते आणि सांगायला शेजारी कुणी नसतं, त्यांनी. ज्यांचा माल दुसऱ्यांच्या दुकानांतून विकला जातो, किंवा जे आपल्या नावाने इतरांना शाखा काढू देतात, त्यांनी. तुम्ही उद्या चार गावांत माणसं ठेवून काम करायला लागलात, तर तेव्हा नियमांचं ते ब्रँड बुकही उपयोगी पडेल, कारण प्रत्येक ठिकाणी कुणीतरी वेगळं पाटी रंगवत असेल. आज तुम्ही तिघं आहात, आणि पाटी कशी असावी ते तुम्ही तोंडी सांगू शकता.

एजन्सीला सांगा की पूर्ण पॅकेज नको. फक्त नावाची अक्षररचना, स्टिकर, बिल आणि टी-शर्टाची मांडणी, सगळ्या फाइली आणि हक्कांचा कागद, एवढ्याचे किती घ्याल? ते पॅकेज फोडायला तयार नसतील तर स्वतंत्र काम करणारा एखादा डिझायनर हे आनंदाने करील. भाच्याला नाही म्हणायची गरज नाही. त्याला तुमची कळकळ आहे आणि इंटरनेटची सवयही दिसते. नकाशातली नोंद, व्हॉट्सॲपवरचं नाव, गिऱ्हाइकांना जाणारे निरोप, हे त्याच्याकडे सोपवा. आणि गेल्या दोन वर्षांच्या बिलबुकांतून सगळे नंबर काढून त्यांना एकदाच एक निरोप पाठवायला सांगा: 'वॉशिंग मशीनवाल्या ताई आता या नावाने ओळखल्या जातात, फ्रिज आणि मायक्रोवेव्हही दुरुस्त करतात, हा नंबर या नावाने जतन करून ठेवा.'